निसर्गातल्या रेषा टिपायला निघण्याआधी

बॅग भरायच्या आधी एक प्रश्न वहीत लिहून ठेवा: आपण ज्या रेषा शोधायला निघालो आहोत, त्या काढल्या कोणी? वाऱ्याने, पाण्याने, उन्हाने की झाडाच्या वाढीने? माझ्या यादीत हा प्रश्न सगळ्यात वर असतो. त्याचं उत्तर सापडलं की कुठे जायचं, किती वाजता पोचायचं आणि ऊन कुठल्या अंगाने हवं, हे बरंचसं आपोआप ठरतं. ‘काहीतरी छान दिसेलच’ म्हणून निघालं की पायपीट होते आणि कार्डावर पानाफुलांचे तेच ते फोटो जमतात.

वाळूचंच घ्या. वाऱ्याने उठवलेल्या लहरी वाऱ्याच्या दिशेला आडव्या पसरतात. वाऱ्याकडची बाजू लांबट उताराची, पलीकडची उभट. आता वारा पश्चिमेकडून वाहत असेल, तर लहरींच्या कडा दक्षिणोत्तर जातात आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन त्यांना आडवं येऊन प्रत्येक कडेमागे सावलीची रेघ ओढतं. वारा उत्तरेचा असेल, तर कडा पूर्व-पश्चिम आणि ऊनही साधारण त्याच दिशेने धावतं. मग समोर एवढी नक्षी असूनही फोटोत सगळं सपाट दिसतं. म्हणून आदल्या दोन दिवसांचा वारा कुठून होता, ते हवामानाच्या ॲपवर बघून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

समुद्रकिनाऱ्यावर जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाताशी हवंच. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात आणि वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. पाणी उतरलेलं आहे आणि ऊनही कलतं आहे, असा योग त्यामुळे पंधरवड्यातून मोजकेच दिवस येतो. ते दिवस आधी हेरा आणि बाकीची कामं त्यांच्या भोवती बसवा. उतरत्या पाण्याने ओल्या वाळूत कोरलेले ओघळ झाडाच्या फांद्यांसारखे फुटत जातात. पुढची भरती ते पुसून टाकते, त्यामुळे कालचा फोटो बघून आज तिथे जाण्यात अर्थ नसतो.

चिखलाच्या भेगांवर मी जरा जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. चिखल वाळताना आकसतो, ताण वाढतो आणि जिथे कमजोर तिथे तो फाटतो. पहिली भेग लांबलचक जाते. नंतरची तिच्यापर्यंत येऊन जवळपास काटकोनात थांबते. हाच चिखल पुन्हा पुन्हा भिजला आणि वाळला, की सांधे हळूहळू सरकतात आणि तीन भेगा साधारण १२०-१२० अंशांवर मिळू लागतात. तुकडे षटकोनाकडे झुकतात. लाव्हा थंड होऊन आकसतानाही अशाच भेगा पडून बसाल्टचे खांब तयार होतात. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. एवढं ठाऊक असलं की भेगाळलेल्या जमिनीवर उभं राहिल्यावर डोळ्यांना काम मिळतं: हा सांधा काटकोनी की तीन सारख्या फाट्यांचा, कुठली भेग आधीची, कुठली मागाहूनची. जिथे एक जुनी लांब भेग फ्रेमभर तिरकी जाते आणि बाकीच्या तिला येऊन मिळतात, तो तुकडा मला बहुतेक वेळा हवा तो फोटो देतो.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून जा. पहिल्यांदा आटलेल्या तळ्यात गेलो तेव्हा मी सरळ मध्यभागी चालत गेलो आणि वळून पाहिलं, तर माझ्याच बुटांनी पापुद्रे फोडत आलेली वाट सगळ्या चित्राच्या मधोमध पडलेली. ती नक्षी तयार व्हायला कित्येक दिवस लागले असतील. आता क्रम पक्का आहे: काठावर थांबायचं, लांबून रुंद फ्रेम घ्यायची, मग कडेकडेने जवळ जायचं आणि हात लावण्याजोगं काम सगळ्यात शेवटी.

वाढीच्या रेषांची तयारी घरीच होते. पाइनचं एखादं शंकूफळ बुडाकडून बघा आणि खवल्यांचे पीळ बोटाने मोजा. एका दिशेने ८ आणि उलट दिशेने १३ येतात, कधी ५ आणि ८. सूर्यफुलाच्या तबकात ३४ आणि ५५ अशी जोडी पुष्कळदा सापडते. नवं बी आधीच्या बीपासून साधारण १३७.५ अंश वळून बसतं, त्यातून हे पीळ उमटतात. मागच्या दोन मिळवल्या की पुढची येते अशा या संख्यांना आपण फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचं नाव देतो. त्याचा ग्रंथ १२०२ चा. मात्रावृत्तात लघु-गुरू किती तऱ्हांनी बसतात हे मोजताना जैन आचार्य हेमचंद्राने त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, हीच मालिका मांडली होती. मला हे आठवलं की सूर्यफूल बघताना छंदशास्त्रच आठवतं. फोटोपुरतं सांगायचं तर कॅमेरा तबकाच्या बरोबर समोर हवा. जरा कलला की वर्तुळाचा लंबगोल होतो आणि पीळ दबतात.

घायपात मिळालं तर सोडू नका. त्याची पानं कोंबात एकमेकांना घट्ट चिकटून वाढतात आणि उलगडताना शेजारच्या पानाच्या काटेरी कडेचा ठसा पाठीवर घेऊन येतात. जवळ वाकून पाहिलं, की राखट हिरव्या पानावर दातऱ्या कडेची फिकट रेघ दिसते, आणि तिच्या आत कधी दुसरी.

आता उजेड. एक प्रयोग निघण्याच्या आदल्या रात्री करा. खोलीतले दिवे मालवा आणि खडबडीत भिंतीवर टॉर्च समोरून मारा. भिंत सपाट दिसेल. मग टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. रंगाचा प्रत्येक कण सावली टाकत उठून येईल. उंचसखल नक्षीला, म्हणजे वाळू, साल, खडक, भेगा यांना असंच आडवं ऊन लागतं, सूर्य उगवल्यानंतरच्या आणि मावळण्याआधीच्या तासाभरातलं. पण दगडफुलाचे ठिपके, खडकातले रंगीत पट्टे, सालीवरचे डाग ही रंगाची नक्षी असते. तिला ढगाळ दिवसाचा मऊ उजेडच मानवतो, कडक उन्हात सावल्या मध्ये लुडबुड करतात. आणि पानाच्या शिरा, पातळ पंख, गवताची पाती यांना उजेड मागून हवा. यादीत प्रत्येक विषयापुढे ‘आडवं, मऊ, मागून’ यांतला एक शब्द लिहून ठेवा. आकाश बघून सकाळी कुठला विषय घ्यायचा, हे एका नजरेत कळतं. ढग आले म्हणून दिवस फुकट गेला, असं वाटायला जागा उरत नाही.

नक्षी टिकते किती वेळ, हेही लिहा. दव पडलेलं कोळ्याचं जाळं ऊन लागल्यावर थोड्याच वेळात कोरडं होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी जाळी हेरून ठेवायची, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पहाटे थेट तिथेच जायचं. विल्सन बेंटली यांनी १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा पहिला फोटो सूक्ष्मदर्शकातून काढला आणि पुढे ५,००० हून अधिक काढले. हिमकण वितळायच्या आत काम उरकायचं, तर सगळं सामान आधीच गार आणि जागच्या जागी हवं. त्यांचे फोटो बघताना मला त्यामागची ही मांडामांड दिसते.

सामान थोडं घ्या. फोन असेल तर तोही पुरतो. ग्रिड चालू करा, फोकस आणि एक्स्पोजर बोट दाबून धरून लॉक करा, अल्ट्रावाइड लेन्स टाळा, तिने कडेच्या सरळ रेषा ओढल्या जातात. कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी लेन्स) किंवा ७०-२०० ची टेलि (दूरचं जवळ आणणारी), दोन्हींतली एकच. डोंगराचे एकामागे एक उतार, दूरच्या शेतातल्या ओळी टेलिने उचलून घेता येतात. ट्रायपॉड जमिनीलगत बसणारा हवा. गुडघ्याखाली घालायला एक जाड चटई, एक लहान टॉर्च, पांढरा पुठ्ठा आणि पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर. ओल्या पानावरची किंवा पाण्यावरची चकाकी पोलरायझरने उतरते आणि खालची वीण वर येते. बॅटरी, कार्ड, पाणी, टोपी यांबद्दल वेगळं सांगायला नको.

सेटिंग आदल्या रात्रीच लावून ठेवा. सपाट नक्षीला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ते ११ पुरतं (आकडा मोठा तसं छिद्र लहान), अट एवढीच की कॅमेऱ्याची पाठ नक्षीच्या पृष्ठभागाला समांतर हवी. एफ २२ वर जाऊन सगळं स्पष्ट येईल असं वाटतं, पण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक रेषा उलट मऊ पडतात. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर) मॅक्रोने १:१, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराएवढी प्रतिमा, घेताना एफ ८ ला स्पष्ट भाग जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा मिळतो. तिथे समांतर धरण्याला पर्याय नाही. फिकट वाळू किंवा बर्फ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा, नाहीतर ते राखाडी येतं. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) चालू ठेवून पडद्यावर कृष्णधवल दाखवायची सोय वापरा. रंगाची भूल निघून जाते आणि रेषा तेवढ्या उरतात; फाइलमध्ये रंग शाबूत राहतोच.

फ्रेमची सवय लागायला पुठ्ठ्यात ६ बाय ९ सेंटिमीटरची खिडकी कापा आणि चार-पाच दिवस खिशात बाळगा. एक डोळा मिटून तिच्यातून बघायचं, हात पुढेमागे करायचा. दोन गोष्टी तपासा. नक्षी चारही कडांबाहेर सांडते आहे का? एका कोपऱ्यात जरी मोकळी माती दिसली, तरी नक्षी तिथे संपते आणि ती पुढेही पसरली असेल असं वाटेनासं होतं. आणि मुख्य रेषा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते? मधेच मोडलेली वीण, एक उलटं पान, भेगेतून वर आलेला एक कोंब असेल तर तो फोटोला जीव देतो. पण तो जिथे आहे तिथेच राहू द्या, आपण ठेवायचा नाही.

त्याच हिशेबाने पाण्याचा फवारा मी बॅगेत ठेवत नाही. जाळ्यावर पाणी मारलं तर कोळ्याची रात्रीची मेहनत जाते. काही दगडफुलं वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. त्यांच्यावर कोपर टेकवण्याआधी हे आठवा. दगड उलटला तर होता तसा परत ठेवा.

परतताना गेलेल्या वाटेनेच या आणि निम्मी बॅटरी त्यासाठी राखा. जाताना ऊन पाठीशी होतं म्हणून ज्या खडकात काही दिसलं नव्हतं, त्यावर येताना ऊन समोरून तिरपं पडलेलं असतं.