पालेभाजीने वजन उतरते का, आणि उतरवायचे असेल तर ती कशी खावी

बडोद्यातल्या मोठ्या दुकानांत आणि घरपोच भाजी देणाऱ्या अ‍ॅपवर अलीकडे केल नावाचा कुरळ्या, जाड पानांचा पाला मिळू लागला आहे. तो खाल्ल्याने वजन उतरते अशी त्याची कीर्ती पसरल्यामुळे, खंडेराव मार्केटमधून वर्षानुवर्षे मेथी-पालक आणणाऱ्या मराठी घरांतही, आपण आजवर खात आलो ती पालेभाजी कमअस्सल होती की काय, अशी शंका डोकावू लागली आहे. या शंकेचे थोडक्यात उत्तर असे की, कोणतेही पान शरीरातली चरबी वितळवत नाही. पान ताटातली आणि पोटातली जागा अडवते, आणि त्या जागेवरून दुसरे काही उठले तरच वजनाचा काटा हलतो.

आधी पानात काय असते ते समजून घ्यावे

१०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ९१ ग्रॅम पाणीच असते, तंतू दोन ग्रॅमांच्या थोडे वर असतात आणि त्यातून मिळणारी ऊर्जा अवघी २३ किलोकॅलरी भरते. केलचा आकडा ३५ च्या आसपास आहे, म्हणजे उलट पालकाहून थोडा जास्तच. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ब्रासिका ओलेरेसिया या एकाच जातीची भावंडे आहेत. त्यामुळे नवलकोलाचा कोवळा पाला कचऱ्यात टाकून केलचा डबा विकत आणणे हा व्यवहार मला तरी कधी पटलेला नाही. केलमध्ये क जीवनसत्त्व भरपूर असते, हे खरे. पण वजनाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेतील संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा लोकांना नुसते ‘फळे-भाज्या जास्त खा’ असे सांगितल्याने वजनात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असे दिसून आले. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी १ लाख ३३ हजारांहून अधिक अमेरिकी स्त्री-पुरुषांची, काहींच्या बाबतीत २४ वर्षांपर्यंतची, माहिती तपासली. रोजच्या आहारात भाजीचा एक वाढा, म्हणजे एका वेळी ताटात वाढतो तेवढी भाजी, अधिक घेणाऱ्यांचे वजन चार वर्षांत इतरांपेक्षा सुमारे १०० ग्रॅमांनीच कमी वाढले होते, आणि बटाटा, मका, मटार अशा पिठूळ भाज्या वाढवणाऱ्यांचे तर वजन थोडे वाढलेच होते. स्वीडनमध्ये पालकाच्या पानांतील पडद्यांपासून काढलेली पूड ३८ स्थूल स्त्रियांवर बारा आठवडे तपासण्यात आली. ती घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५ किलो आणि न घेणाऱ्यांचे ३.५ किलो उतरले. मात्र ती पूड म्हणजे पानांतून वेगळा काढलेला अर्क होता. जुडी शिजवून खाल्ल्याने तेच घडेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

इतके पाहिल्यावर पालेभाजी सोडून द्यावी असे कोणास वाटेल, पण तसे नाही. तिच्यात जागा अडवण्याचा गुण मोठा आहे आणि आपल्या स्वयंपाकात तो बहुतेक वेळा फोडणीत हरवतो. म्हणून कामाची सुरुवात कढईपासून करावी.

पहिली पायरी: कढईत पडणारे तेल मोजावे

चौघांसाठी निवडून अर्धा किलो पालक घेतला, तर त्याची ऊर्जा जेमतेम ११५ किलोकॅलरी होते. त्याच भाजीसाठी बाटलीतून अंदाजाने ओतलेले तेल पोह्यांच्या चार मोठ्या चमच्यांइतके सहज भरते. मोठा चमचा साधारण १४ ग्रॅमांचा धरला आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरल्या, तर फोडणीच ५०० च्या घरात जाते. वरून ५० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट घातले की आणखी सुमारे २८० ची भर पडते. कढई उतरते तेव्हा तिच्यातल्या सुमारे ९०० किलोकॅलरींपैकी पालकाच्या वाट्याला एक अष्टमांश येतो, आणि आपण मात्र जेवताना ‘आज नुसती पालेभाजीच खाल्ली’ असे म्हणून पाठ थोपटून घेतो.

यावर उपाय अवघड नाही. एक आठवडाभर बाटली हातात घ्यायचीच नाही. तेल चहाच्या लहान चमच्याने घालायचे आणि चौघांच्या भाजीला तीन चमच्यांवर, म्हणजे १५ ग्रॅमांच्या आत, थांबायचे. लसूण आणि सुकी मिरची एवढ्या तेलात व्यवस्थित तळली जातात, कारण पाला पडताच तो स्वतःचे पाणी सोडतो आणि त्या पाण्यातच शिजतो. पालक, तांदळजा आणि चाकवत यांना झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतावे, म्हणजे रंग टिकतो आणि पाणीही आटते. मीठ भाजी आळल्यावरच घालावे. कढईभर पाला वाटीभर उरतो, हे विसरून आधी मीठ घातले तर भाजी खारट होते, मग ती सावरायला दाण्याचे कूट घालावे लागते आणि मोजलेल्या तेलाचा हिशेब तिथेच बुडतो.

पीठ पेरून केलेल्या मेथीचा मोह सुटत नसेल, तर बेसन आधी कोरडेच खरपूस भाजून घ्यावे. कच्चे पीठ कढईत पेरले की ते तेल मागत राहते. अंबाडीला वरून लसणाची फोडणी लागतेच, त्यावाचून ती घशाखाली उतरत नाही. ती फोडणी वेगळ्या वाटीत ठेवावी आणि प्रत्येकाने आपल्यापुरती, चहाच्या चमच्याने घ्यावी.

येथे मेथीच्या गोट्यांबद्दल, म्हणजे गुजराती पद्धतीच्या भज्यांबद्दल, बोलणे भाग आहे, कारण थंडीत बडोद्यात पालेभाजीच्या नावावर सर्वांत जास्त तेच खाल्ले जातात. गोट्यात मेथी असते हे नाकारता येणार नाही, परंतु तिच्याभोवती बेसन आणि त्या बेसनाने प्यायलेले तेल असते, आणि खाणारा एकदोनवर थांबत नाही. थेपल्यातली मेथी तर बहुतेक वेळा वासापुरतीच असते. वाफवलेले मुठिये, म्हणजे पाला आणि पीठ मळून केलेले मुटके, मात्र बरे. पाला भरपूर आणि पीठ बांधण्यापुरते ठेवले, आणि वरची फोडणी चमच्याने मोजली, तर ते रात्रीच्या जेवणालाही पुरतात. तीच गोष्ट अळूच्या पात्र्याची, म्हणजे आपल्या अळूवडीची, न तळता उकडण्यावरच थांबले तर.

दुसरी पायरी: जुडी घरात आल्याबरोबर निवडावी

पालेभाजी खाल्ली जात नाही याचे खरे कारण चव नसून निवडण्याचा कंटाळा हे आहे, असे माझे मत आहे. संध्याकाळी सात वाजता कामावरून आलेल्या माणसासमोर मातीने भरलेली मेथी पडली की तो बटाट्याकडेच वळणार. म्हणून बाजारातून आल्याबरोबर जुडी सोडावी, पिवळी आणि किडकी पाने काढावीत, कोवळे देठ ठेवून जून देठ टाकावेत, आणि न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावे. पालक-मेथी अशी दोन-तीन दिवस चांगली राहते.

धुणे करायच्या वेळी. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पाला त्यात बुडवावा, हलवावा आणि हाताने वर उचलून घ्यावा. पातेले चाळणीत उलटले तर तळाला बसलेली रेती पुन्हा पानांवरच येते. असे तीनदा करावे, पावसाळ्यात चारदा. चिरायचे ते धुतल्यानंतर, कारण चिरलेल्या पानांतून पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे धुण्यात वाहून जातात.

तिसरी पायरी: पाला जेवणाच्या आरंभी खावा

अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्य विद्यापीठात २००४ मध्ये ४२ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. जेवणाआधी त्यांना कमी ऊर्जेचे सॅलड दिले, तेव्हा पुढच्या पदार्थासकट एकूण जेवणातली ऊर्जा सॅलड १५० ग्रॅमचे असताना ७ टक्के आणि ३०० ग्रॅमचे असताना १२ टक्के घटली. परंतु तेवढेच सॅलड चीज आणि स्निग्ध ड्रेसिंग घालून दिले, तेव्हा ती ऊर्जा घटण्याऐवजी ८ आणि १७ टक्क्यांनी वाढली.

आपल्याकडे सॅलडाची जागा कोशिंबीर घेते, आणि चीजच्या जागी दाण्याचे कूट, साखर व फोडणी येतात. कोबी, मुळ्याचा कोवळा पाला आणि थोडी कोथिंबीर बारीक चिरून, लिंबू पिळून, मीठ व जिरेपूड घालून मोठी वाटीभर कोशिंबीर करावी. पोळी ताटात येण्याआधी ती संपवावी. मराठी पानात कोशिंबीर डावीकडे चमचाभर वाढण्याची रीत आहे. वजन उतरवू पाहणाऱ्याने ती रीत मोडावी, डावी बाजू भरगच्च करावी. कोशिंबीर नको असेल तर पालकाची किंवा चाकवताची ताकातली पातळ भाजी वाटीभर आधी प्यावी. बेसन लावायचे ते दाटपणापुरतेच.

चौथी पायरी: पाला आला की दुसरे काय जाणार, ते ठरवावे

सर्वांत जास्त चूक येथे होते. नेहमीच्या तीन पोळ्या, भात, वरण आणि त्यांच्याशिवाय आणखी पालेभाजी असे जेवण झाले, तर वजन उतरण्याचे काही कारण उरत नाही. मध्यम आकाराची, सुमारे ३० ग्रॅम कणकेची पोळी १०० किलोकॅलरींच्या आसपास असते आणि तिच्यावरचे चहाचा चमचाभर तूप आणखी ४५ देते. पालेभाजीचा वाढा दुप्पट करून एक तूप लावलेली पोळी कमी केली, तर दोन वेळचे मिळून २५० च्या वर किलोकॅलरी वाचतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात, असे धरले जाते. त्या हिशेबाने नुसत्या या अदलाबदलीने महिन्याला किलोभर वजन उतरायला हरकत नसावी. प्रत्यक्षात शरीर इतके सरळ गणित करत नाही आणि उतरण्याचा वेग पुढे मंदावतो, तरी दिशा हीच राहते.

डाळ मात्र कमी करू नये. पाल्यात प्रथिने थोडी असतात, आणि वजन उतरताना स्नायू झिजू नयेत यासाठी प्रथिने लागतात. सुव्याची, म्हणजे आपल्या शेपूची, मूगडाळ घातलेली भाजी या दृष्टीने उत्तम आहे. तुरीच्या वरणात पालक, हरभऱ्याच्या डाळीबरोबर अंबाडी, ही जोडी आपल्या आज्यांनी जुळवली ती चवीसाठी असेल, पण ती येथेही उपयोगी पडते. वरून लिंबू पिळल्याने पानांतले लोहही अधिक शोषले जाते.

किती पाला खावा, याला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेता येतो. त्यांत रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि त्यांपैकी १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या असाव्यात, असे सांगितले आहे. हे कच्चे वजन आहे. आजवर आठवड्यातून एकदाच पालेभाजी खाणाऱ्याने दोन आठवड्यांत हळूहळू तिथवर जावे आणि पाणीही वाढवावे, नाहीतर पोट फुगते आणि दोष भाजीवर येतो.

पाचवी पायरी: रस काढू नये

सकाळी कमाटी बागेत फिरून झाल्यावर हिरवा रस पिण्याची काहींना सवय असते. रस गाळला की तंतू चोथ्यात जातात आणि जागा अडवणारी गोष्टच हरवते. शिवाय चावण्याला वेळ लागत नसल्याने पोट भरल्याची जाणीवही कमी होते. त्यात सफरचंद किंवा मध पडला, तर ऊर्जा वाढते ती वेगळीच. कच्च्या पालकात ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याला कारणीभूत ठरणारे एक द्रव्य, पुष्कळ असते आणि अशा रसांच्या अतिरेकाने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मुतखडा झालेल्यांनी पालकाऐवजी मेथी, कोबी किंवा केल निवडावा. ऑक्झलेटच्या बाबतीत केल खरोखरच पालकापेक्षा पुष्कळ सौम्य आहे, हे त्याच्या बाजूने मान्य केले पाहिजे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा त्या जातीचे औषध घेणाऱ्यांनी पालेभाजी एकाएकी वाढवू अथवा बंद करू नये, कारण पानांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सहावी पायरी: आठ आठवडे मोजावे

आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी वजन घ्यावे, आणि बेंबीपाशी कंबर मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. रोज काट्यावर उभे राहू नये; मीठ आणि पाणी यांनीच किलोभराचा फरक पडतो. आठ आठवड्यांनंतरही आकडा हलला नसेल, तर पाला वाढवण्याआधी महिन्याला घरात किती तेल संपले ते पाहावे, आणि मग रविवारच्या सेव उसळीचा, तिच्यावरच्या तर्रीसकट, हिशेब लावावा. बहुतेक घरांत उत्तर या दोहोंतच सापडते.

राहता राहिला तो हौसेने आणलेला केलचा डबा. त्याच्या मधल्या जाड शिरा ओढून काढाव्यात, पाने बारीक चिरावीत आणि मुळ्याच्या पाल्याप्रमाणे भिजवलेल्या मूगडाळीबरोबर, लसणाच्या बेताच्या फोडणीवर, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून पंधरा मिनिटे शिजवावीत. पालकाहून तो चिवट असल्याने चावायला वेळ घेतो, आणि वजन उतरवणाऱ्याच्या ताटात तेवढा एक गुण त्याचा खरा आहे.