एका प्रिंटने खाल्लेली संध्याकाळ

टीमची कामं ज्या टूलमध्ये 'तिकिटं' म्हणून नोंदलेली असतात ते माझ्या एआय कोडिंग असिस्टंटला जोडायचं होतं. 'माझी उघडी तिकिटं दाखव' म्हटलं की दिसावीत, एवढीच हौस. त्यासाठी पायथनमध्ये छोटासा एमसीपी सर्व्हर, म्हणजे असिस्टंटला बाहेरच्या टूलशी जोडणारा प्रोग्राम, लिहिला. टर्मिनलवर चालवला तर झकास. असिस्टंटला जोडला की कनेक्शन तुटायचं.

आधी टोकनवर, म्हणजे टूलमध्ये शिरायच्या किल्लीवर, संशय. नवं काढलं, तरी तेच. मग पाथ, मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट... चहा दोनदा गार झाला.

शेवटी लॉग नीट वाचला. जेसन (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात तो मजकुराचा साचा) वाचता येत नाही अशी तक्रार, आणि खाली माझंच वाक्य: 'सर्व्हर सुरू झाला'. कपाळावर हात मारला! सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालवला, तर आउटपुटवर फक्त जेसन-आरपीसीचे, म्हणजे त्याच साच्यातले ठरावीक निरोप जायला हवेत, एका ओळीत एक. ते वाक्य छापणारी माझी प्रिंटची ओळ मध्येच तोंड घालत होती. तो मजकूर स्टँडर्ड एररकडे, म्हणजे वेगळ्या वाटेने, वळवला, असिस्टंट बंद करून पुन्हा उघडला, आणि सात तिकिटं समोर. त्यातली दोन कामं मी कधीच संपवलेली, तिकीट बंद करायचं तेवढं राहिलेलं.

टोकन मात्र फक्त वाचण्यापुरतं ठेवलंय. तिकिटं बंद करायचा अधिकार असिस्टंटला इतक्यात नाही.