जोडीदारासोबत राहण्यासाठी परदेशी जाताना

दोन देशांत राहून जुळलेल्या नात्यात कधी ना कधी एकाला आपले बिऱ्हाड उचलून दुसऱ्याच्या देशात जावे लागते, आणि त्या दिवसापासून दोघांची बाजू सारखी राहत नाही. एकाचे घर, नोकरी, भाषा, डॉक्टर, मित्र सगळे जागच्या जागी असते. दुसऱ्याला यांतली प्रत्येक गोष्ट नव्याने उभी करावी लागते, आणि पुष्कळदा त्या देशात राहण्याचा त्याचा हक्कसुद्धा पहिल्याच्या आधारावर टांगलेला असतो. म्हणून व्हिसा, सामान आणि तिकीट यांच्या आधी एक हिशेब मांडावा : जाणाऱ्या व्यक्तीचे परावलंबन किती महिने चालणार आहे आणि ते कशाने कमी होईल. पुढच्या सगळ्या सूचना मी याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

कोणी जायचे, हे ‘ज्याची ओढ जास्त त्याने’ असे ठरवू नये. कोणाचा व्यवसाय सीमेपलीकडे चालतो, हे आधी पाहावे. संगणकाच्या कामाला सहसा नवा परवाना लागत नाही, पण डॉक्टर, परिचारिका, वकील, शिक्षक यांना बहुतेक देशांत पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते आणि त्यात वर्षे जाऊ शकतात. जोडीदार म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर काम करण्याची मुभा आहे की नाही, हा प्रश्नही इथेच सोडवून घ्यावा. आधीच्या नात्यातले मूल सोबत न्यायचे असेल, तर त्याच्या दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश घेतल्यावाचून पाऊल उचलू नये; मुलांच्या बेकायदा स्थलांतराबाबत १९८० चा हेग करार आहे, आणि तो लागू असलेल्या देशांत संमतीविना नेलेले मूल परत पाठवण्याचा आदेश निघू शकतो. कधी कधी दोघांनाही परका असलेला तिसरा देश हाच न्याय्य तोडगा ठरतो, कारण तिथे दोघेही सारखेच नवखे असतात.

निर्णय पक्का करण्यापूर्वी एक लांब मुक्काम करावा. तोवरच्या भेटी बहुधा रजेवरच्या असतात. विमानतळावर घ्यायला येणे, बाहेर जेवणे, परतीच्या दिवशी रडणे एवढेच त्यांत मावते. सहा-आठ आठवडे असे राहावे की जोडीदार रोज कामावर जाईल, घरात कपडे धुवायचे असतील, एखाद्याला ताप येईल आणि दोघांपैकी एकाला एकटे बसायची इच्छा होईल. मात्र हा मुक्काम पर्यटक व्हिसाच्या चौकटीतच हवा. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि पर्यटक म्हणून शिरून तिथेच स्थायिक होण्याचा बेत असेल, तर सीमेवर दिलेले ‘फिरायला आलो’ हे उत्तर खोटे ठरते. अशी नोंद एकदा झाली की पुढच्या प्रत्येक अर्जात ती आडवी येते.

व्हिसाच्या वाटा देशागणिक वेगळ्या असतात आणि ओळखीच्या माणसाचा अनुभव इथे फारसा कामी येत नाही. अमेरिकेचा के-१ व्हिसा फक्त अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदारासाठी आहे. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात आणि प्रवेशानंतर ९० दिवसांत लग्न करावे लागते. कॅनडा अविवाहित जोडीदाराला साधारणपणे तेव्हाच मान्यता देतो, जेव्हा दोघे सलग १२ महिने एकत्र राहिलेले असतात. दूर राहणाऱ्यांची नेमकी इथेच अडचण होते, आणि खऱ्या अडथळ्यांमुळे ज्यांना एकत्र राहताच आले नाही त्यांच्यासाठी तिथे वेगळा वर्ग आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. ऑस्ट्रेलियातही सहसा १२ महिन्यांचे सहजीवन दाखवावे लागते, पण नात्याची तिथल्या एखाद्या राज्यात नोंदणी झालेली असेल तर त्या अटीतून सूट मिळते. जर्मनीत जाणाऱ्या वैवाहिक जोडीदाराला बहुधा आधीच जर्मन भाषेची ए-१ ही सर्वांत प्राथमिक पातळी गाठावी लागते. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचे स्वतःचे संकेतस्थळ पुन्हा वाचावे, आणि प्रकरणात जुना नकार, घटस्फोट किंवा पोलीस नोंद असेल तर परवानाधारक सल्लागाराची फी वाचवू नये.

पुरावा हा या सगळ्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तुमचे प्रेम अधिकाऱ्याला दिसत नाही. त्याला तारखा दिसतात. पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटे, एकमेकांना पाठवलेले पैसे, फोनच्या नोंदी, दोन्ही घरच्यांसोबतची छायाचित्रे आणि संदेशांतले निवडक उतारे हे सगळे नात्याच्या पहिल्या वर्षापासून जपावे. मी हे उशिरा शिकले. फोन बदलताना पहिल्या आठ महिन्यांचे संदेश गेले, आणि डबीत जपून ठेवलेले बोर्डिंग पास उघडले तेव्हा त्यांवरची अक्षरे उडून कोरे गुळगुळीत कागद हातात आले. तो कागद उष्णतेने छापलेला असतो, शाई नसतेच. तेव्हा असे प्रत्येक चिटोरे त्याच दिवशी स्कॅन करावे. पुढे फाइल लावताना हजार पानांचे संभाषण जोडण्याचा मोह टाळावा. दर महिन्याचे एक पान करावे, त्यावर त्या महिन्यातली भेट, एक-दोन संदेश, एखादे छायाचित्र आणि खाली तारीख एवढेच ठेवावे. वाचणाऱ्याला अर्ध्या तासात दोघांची गोष्ट कळली पाहिजे.

कागदपत्रांत जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा आणि पोलीस पडताळणी प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागतात. पडताळणीच्या प्रमाणपत्राची मुदत मर्यादित धरली जाते, म्हणून ते फार आधी काढून ठेवण्यात शहाणपण नाही. कागदपत्रांच्या मान्यतेबाबतच्या १९६१ च्या हेग करारातील देशांत कागदावर अपोस्टील, म्हणजे कागद अस्सल असल्याचे सरकारी प्रमाणपत्र, पुरते. बाकीच्या देशांसाठी वकिलातीतून साक्षांकन करावे लागते. प्रत्येक कागदावर नावाचे स्पेलिंग अक्षरशः एकच आहे का, हे बोट ठेवून तपासावे. एका ठिकाणी पूर्ण नाव आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर, एवढ्या फरकानेही अर्ज महिनाभर मागे पडू शकतो. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा, घराची विक्री किंवा निरोपसमारंभ यांतले काहीही करू नये.

पैशांबद्दल माझे मत ठाम आहे. परतीचे तिकीट आणि किमान तीन महिन्यांचा खर्च एवढी रक्कम जाणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर असावी, आणि जोडीदाराला ती आहे हे माहीत असावे. यात अविश्वास नाही. ज्याला परत जाता येते तो स्वतःच्या मर्जीने राहतो. ते खाते परदेशातून वापरता यायला हवे, म्हणजेच जुना मोबाइल क्रमांक चालू ठेवावा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो आणि सिम बंद पडले की स्वतःचेच पैसे पाहत बसावे लागते. वर्षातले १८३ दिवस त्या देशात राहणे हा निकष बऱ्याच देशांत करासाठी वापरला जातो, तेव्हा ज्या वर्षी जाणार त्या वर्षाचा कर कुठे आणि कसा भरायचा, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. नेहमीची औषधे न्यायची असतील तर त्यांचे नियम पाहावेत. एका देशात डॉक्टर सर्रास लिहून देतात ते औषध दुसरीकडे बंदी घातलेले असू शकते, जसे एकाग्रतेच्या विकारावरचे (एडीएचडी) ॲडरॉल हे औषध जपानमध्ये नेता येत नाही. मांजर किंवा कुत्रा सोबत असेल तर त्याची तयारी तुमच्या आधी सुरू करावी लागते : रेबीजचा धोका असलेल्या देशांतून युरोपीय संघात नेताना मायक्रोचिप, मग लस, लसीनंतर ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा तो क्रम आहे.

पोहोचल्यावर पहिली खरी अडचण बहुधा पत्त्याच्या पुराव्याची येते. बँक पत्त्याचा पुरावा मागते. पुरावा म्हणजे भाडेकरार किंवा विजेचे बिल. ती दोन्ही जोडीदाराच्या नावावर. मोबाइलची जोडणी घ्यायला गेलो तर तिथे बँक खाते मागतात. या चक्रात अडकलेला माणूस महिनाभर प्रत्येक खिडकीवर जोडीदाराच्या मागे उभा राहतो आणि कर्मचारी त्याच्याकडे न पाहता जोडीदाराशी बोलतात. यावर उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो : येण्याच्या आधीच घरमालकाशी बोलून भाडेकरारात दुसरे नाव घालून घ्यावे. जर्मनीत तर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी पत्र लागते.

शक्य असेल तर दोघांनी मिळून नवे घर घ्यावे. ते जमत नसेल तर दुसरा येण्याच्या आदल्या आठवड्यात जोडीदाराने कपाटाची अर्धी बाजू, टेबलाचा एक खण आणि भिंतीचा एक तुकडा खरोखर रिकामा करावा. ‘तू आलीस की बघू’ असे म्हणू नये. जिथे प्रत्येक वस्तूची जागा आधीच ठरलेली असते, तिथे नवा माणूस चमचा कुठे ठेवू हे विचारत राहतो आणि पाहुणाच राहतो.

पहिले काही महिने रिकामे जातील, असे धरूनच चालावे. के-१ वर आलेल्या व्यक्तीला लग्नानंतर कायम वास्तव्याचा अर्ज करून कामाच्या परवान्याची वाट पाहावी लागते, आणि त्या काळात प्रवासाची पूर्वपरवानगी न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. म्हणजे मायदेशी कोणी आजारी पडले तरी लगेच उठून जाता येईलच असे नाही. हे घरच्यांना निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. भाषेचा वर्ग, वाहन परवाना, स्वयंसेवी काम यांपैकी एक तरी गोष्ट पहिल्याच महिन्यात सुरू करावी, जिथे तुम्हाला कोणी अमक्याचा जोडीदार म्हणून ओळखत नाही. डॉक्टरकडे जोडीदाराला दुभाषा करू नये. काही गोष्टी त्याच्यासमोर सांगता येत नाहीत आणि त्या सांगायलाच हव्या असतात.

पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवावा आणि त्याची प्रत मायदेशातल्या विश्वासू माणसाकडे द्यावी. नाते तुटले तर राहण्याच्या हक्काचे काय होते, हे जाण्यापूर्वीच वाचून ठेवावे. घरात हिंसा झाल्यास अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या देशांत जोडीदाराच्या मदतीविना राहण्याचा हक्क मागण्याची कायदेशीर तरतूद आहे. अमेरिकेत अर्ज मंजूर होताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर मिळणारे ग्रीन कार्ड सशर्त आणि दोन वर्षांचे असते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो, आणि घटस्फोट किंवा छळ झाला असल्यास तो एकट्याने करता येतो. कार्ड हातात आले की ती तारीख दोघांनी वेगवेगळी आपापल्या फोनमध्ये नोंदवावी, एकानेच लक्षात ठेवायची म्हणून सोडू नये.