कॅमेरावेड्याला दिवाळीत काय द्यावं?

आधी एक काम गुपचूप करा: त्याच्या लेन्सच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे Ø या खुणेपुढे ५२, ५८, ६७ असा आकडा असतो. तो फिल्टरचा, म्हणजे लेन्सपुढे बसवायच्या काचेचा, मिलिमीटरमधला व्यास. हा न बघता फिल्टर घेतलात तर तो बसणारच नाही. माझ्या कपाटात भाच्याने हौसेने आणलेला एक तसाच पडून आहे.

दोन-तीनशे रुपयांत धूळ उडवायचा रबरी ब्लोअर आणि मायक्रोफायबरचं फडकं येतं. दिसायला किरकोळ, पण रोज हाताशी लागतं.

ठाण्यात खाडीची दमट हवा, त्यात चार महिने पाऊस. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि साफ करून घ्यायला चांगलाच खर्च येतो. म्हणून माझं मत विचाराल तर घट्ट झाकणाचा मोठा डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि आत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक द्या. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला की झालं. निळं सिलिका जेल ओल धरून गुलाबी होतं, हे सांगायला विसरू नका. हात सैल असेल तर सरळ ड्राय कॅबिनेटच, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट.

मेमरी कार्ड देणार असाल तर व्ही३० ही वेगाची खूण लिहिलेलं, पक्क्या बिलासकट. नकली कार्डं फार फिरतात.

वस्तूच द्यायची नसेल तर ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगो बघायला सोबत जा. सकाळी लवकर उठून. तेवढं कुणी करत नाही हो!