कॅरम बोर्डावर विमानतळावरचा छापा: खेळ कसा मांडावा

पावसाळी रविवार, त्यात मेगाब्लॉक. अशा दिवशी मुंबईच्या घरात चार माणसं आणि एक कॅरम बोर्ड एवढं तरी जमतंच. त्याच बोर्डावर आम्ही पार्ल्याच्या घरी एक युद्धखेळ खेळतो. रात्री शत्रूच्या विमानतळात शिरायचं, उभी विमानं उडवायची आणि उजाडायच्या आत निसटायचं.

कल्पना इतिहासातली आहे. 1941 साली डेव्हिड स्टर्लिंगने उत्तर आफ्रिकेत एसएएस ही छोटी ब्रिटिश तुकडी उभारली. नोव्हेंबरात पॅराशूटने उतरून केलेली पहिली मोहीम वादळात फसली, निम्म्याहून कमी माणसं परतली. डिसेंबरात ते ट्रकमधून वाळवंट तुडवत गेले आणि पॅडी मेनच्या टोळीने लिबियातल्या तामेत विमानतळावर 24 विमानं निकामी केली. हातात होता जॉक लुईसने तयार केलेला जेमतेम अर्ध्या किलोचा बॉम्ब, त्याला टाइम पेन्सिल लावलेली. पेन्सिलच्या आतलं रसायन हळूहळू तार खातं, तार तुटली की स्फोट. काळ्या खुणेची पेन्सिल साधारण 10 मिनिटांची, लाल खुणेची अर्ध्या तासाची, थंडीत आणखी उशिराची. हा उशीर खेळात नीट आणला नाही, तर नुसती गोळीबाराची सोंगट्यामारी उरते.

पट मांडा

बोर्डावर कापड घालू नका. उघडा प्लायवूड वाळवंटासारखाच दिसतो आणि चारही पॉकेट्स आपल्याला लागणार आहेत. वह्यांना घालतो त्या खाकी कागदाची 10 सेंटिमीटर रुंद पट्टी मधोमध टाका, ही धावपट्टी. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून सहा विमानं कापा. विमानं त्या वेळची जर्मन: 1:144 या प्रमाणात मेसरश्मिट 109 या लढाऊ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 7 सेंटिमीटर होतात, श्टूका या बॉम्बफेकी विमानाचे साडेनऊ, तर तीन इंजिनांच्या युंकर्स 52 या मालवाहू विमानाचे तब्बल 20. तीन मेसरश्मिट, दोन श्टूका आणि एक युंकर्स घ्या. विमानं पट्टीच्या दोन्ही कडांना विखरून ठेवा, एका ओळीत ठेवलीत तर काम फार सोपं होतं.

आठ पांढऱ्या सोंगट्या आणि राणी मिळून छापेवाले, तिघांच्या तीन टोळ्या. राणी म्हणजे म्होरक्या. काळ्यांपैकी पाच पहाऱ्यावर, चार बराकीत, म्हणजे पट्टीच्या एका टोकाला. बॉम्ब म्हणून आठ चिंचोके. हिराच्या झाडूची काडी 8 सेंटिमीटरवर तोडा, हीच आपली मोजपट्टी.

चाली

छापेवाले एका बाजूच्या दोन पॉकेट्समधून आत येतात. सरपटत गेलं तर एक काडी, धावलं तर दोन. आधी पांढरे, मग काळे. पंधराव्या चालीला उजाडतं.

इथे एक अडचण येते, तिच्यावर आम्ही बरेच डाव घालवले. काळ्या बाजूच्या खेळाडूला सगळा पट दिसतो, त्याच्या पहारेकऱ्यांना मात्र अंधारात काहीच दिसायला नको. म्हणून धोक्याचा भोंगा वाजेपर्यंत पहारेकरी फाशाने हलवा. त्यांच्या फेरीची वाट आधीच पेन्सिलने आखून ठेवा. 1-2 पडलं तर जागीच उभा, 3-4 ला त्या वाटेवर एक काडी, 5-6 ला दोन.

छापेवाला पहारेकऱ्यापासून दोन काड्यांच्या आत थांबला की फासा टाकायचा. सरपटत आला असेल तर फक्त 1 ला संशय, धावत आला असेल तर 1, 2 किंवा 3 ला. संशय आलेला पहारेकरी पुढच्या चालीत फासा न टाकता सरळ त्याच्याकडे येतो. सोंगट्या भिडल्या की दोघांनी फासा टाकायचा, छापेवाल्याच्या आकड्यात एक मिळवायचा. छापेवाला हरला किंवा बरोबरी झाली की आरोळी उठते आणि भोंगा वाजतो.

बॉम्ब

विमानाला टेकून एक पूर्ण चाल थांबा आणि पंखावर चिंचोका ठेवा. सगळ्या विमानांच्या एकाच बाजूच्या पंखावर ठेवायचा. एसएएसवाले हे मुद्दाम करत, म्हणजे दोन मोडक्या विमानांतून एक धड विमान जुळवता येऊ नये. शेजारी चिठ्ठीवर आताच्या चालीत चार मिळवून तो आकडा लिहा. ती चाल आली की फासा टाका: 1 पडला तर अजून एक चाल वाट बघा, नाहीतर विमान उचला.

पहिला स्फोट झाला की भोंगा आपोआप वाजतो. म्हणजे पहिला चिंचोका ठेवलात त्याच क्षणी तुमची चार चालींची मुदत सुरू झाली. घाईने जवळच्या विमानाला बॉम्ब लावलात तर लांबची विमानं हातची जातात. आधी सगळ्या टोळ्या जागेवर पोचवा, मग एकदमच चिंचोके ठेवा. हा धीर धरणं फार कठीण जातं.

भोंग्यानंतर बराक उघडते, काळे मनाप्रमाणे दोन काड्या हलतात आणि तीन काड्यांच्या आत गोळी झाडतात. 5-6 ला सोंगटी बाद. पांढऱ्यांनाही तोच नियम.

निसटणं

पॉकेटमध्ये पडलेली पांढरी सोंगटी सुटली. फक्त काळ्याने सुरुवातीला एका पॉकेटचं नाव चिठ्ठीवर लिहून झाकून ठेवायचं. भोंगा वाजला की चिठ्ठी उघडते आणि तिथे गस्तीची गाडी उभी, वाट बंद.

सुरुवातीला आम्ही सुटण्याला गुणच ठेवले नव्हते. भाच्याने सहाही विमानं उडवली आणि त्याच्या नऊही सोंगट्या मध्येच अडकल्या. तो पटाकडे बघत म्हणाला, “मामा, मी जिंकलो, पण घरी कोण जाणार?” शाळेत लाल महालाचा धडा नुकताच झाला होता त्याचा. 1663 च्या त्या रात्री महाराज शायिस्ताखानावर चालून गेले तसे सुखरूप परतलेही, हे त्याने मलाच ऐकवलं. आता विमानाला 2 गुण, सुटलेल्या सोंगटीला 1, राणीला 3. पांढऱ्याला जिंकायला 13 लागतात.

हात बसला की 26 जुलै 1942 ची रात्र खेळा. इजिप्तमधल्या सिदी हनीशवर स्टर्लिंग 18 जीपगाड्या घेऊन उघडपणे मशिनगन झाडत घुसला होता. तिथे भोंगा पहिल्या चालीपासूनच वाजतो आणि स्ट्रायकर जीप होतो.

आपल्याकडचा छापा हवा असेल तर सप्टेंबर 1965 घ्या. पाकिस्तानी छत्रीधारी सैनिक रात्री पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा तळांजवळ उतरले, शेतांत विखुरले आणि बहुतेक पकडले गेले. त्यासाठी पांढऱ्या सोंगट्या पॉकेटमधून आत आणू नका. एक वीत उंचीवरून मूठभर बोर्डावर सोडा आणि जिथे पडतील तिथून खेळायला लागा.