बाथरूमचा बेस: साइटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमा करून साइटवर आलेल्या मुलांना पहिली भुरळ टाइल्सची पडते. मी नेरूळ-वाशीच्या जुन्या इमारतींत आणि ठाण्यात नौपाड्याकडे बाथरूम दुरुस्तीची कामं घेतो. नव्या सुपरवायझरला मी आधी टाइल्सखालचं कामच बघायला लावतो. टाइलमधून पाणी जात नसलं तरी सांध्यांतून झिरपतंच, ग्राउट कितीही चांगलं भरा. खालच्या घराचं छत वाचतं ते टाइल्सखालच्या थरांमुळे.

परदेशी व्हिडिओ बघून कुणी कुणी विचारतं, टाइल्सखालचा सिमेंट बोर्ड कुठे लावायचा? तिकडे बऱ्याचदा मजला लाकडी असतो, म्हणून प्लायवूड आणि त्यावर बोर्ड. आपल्याकडे खाली आरसीसी स्लॅब, तोही बहुधा बाजूच्या खोलीपेक्षा खाली घेतलेला, म्हणजे संक. आपला बेस म्हणजे वॉटरप्रूफिंगचा लेप, वर ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि मसाल्याचा भरणा) आणि स्क्रीड, म्हणजे टाइल्सखालचा सिमेंट-वाळूचा सपाट थर.

तोडफोडीत संकमधून जुनं डेब्रिज निघालं तर तेच परत भरू देऊ नका, गवंडी कितीही म्हणाला तरी. स्लॅब उघडा पडेपर्यंत साफ करायचा. गळती बहुतेक वेळा पाइप स्लॅबमधून जातो तिथे असते. तिथलं सैल काँक्रीट छिन्नीने काढून नॉन-श्रिंक, म्हणजे सुकताना न आकसणारं ग्राउट भरायचं. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गोलसर वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई मारायची. मग वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे, म्हणजे पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, पहिला सुकल्यावर दुसरा, एक आडवा तर एक उभा. भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. दाराच्या उंबऱ्याखाली लेप न्यायला लोक हमखास विसरतात. मग बाहेरच्या भिंतीच्या रंगाला पापुद्रे सुटतात आणि दोष रंगाऱ्याला मिळतो.

आता उतार. टाइल्सना उतार दिला की झालं, ही समजूत सगळ्यात महागात पडते. सांध्यांतून खाली उतरलेलं पाणीही नहाणी ट्रॅपपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून लेपाच्या थरालाही ट्रॅपकडेच उतार हवा. नाहीतर ते कोब्यात साचून राहतं. शंभराला एक उतार धरला तर मीटरला एक सेंटिमीटर. आठ फूट लांब बाथरूममध्ये ट्रॅप दारापासून लांबच्या टोकाला असेल तर दोन टोकांत साधारण 24 मिमी फरक पडतो. ट्रॅपची उंची वरून खाली मोजत ठरवायची: टाइल, अ‍ॅडहेसिव्ह, स्क्रीड. पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी जवळ ठेवा. लेझर असला तरी मी नळीनेच पडताळतो.

कोब्यासाठी विटांचे तुकडे आधी भिजवून घ्या, कोरडे तुकडे मसाल्यातलं पाणी ओढतात. आणि वजनाचं भान ठेवा. एका चौरस मीटरवर फूटभर भरणा म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास. जुन्या इमारतीत संक खोल असेल तर हलका भरणा वापरायचा का, हे इंजिनियरला विचारा.

लेपावर पाणी भरून ठेवायची चाचणी निदान 48 तासांची. ट्रॅप बंद करायचा, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची. खालच्या घरी आधीच सांगून ठेवा, ‘‘काकू, दोन दिवस छताकडे जरा लक्ष असू द्या.’’ घरात एकच बाथरूम असलं की घरमालक घाई करतो, आणि त्याचीही अडचण खरीच असते. पण चाचणी कापू नका. कोबा झाल्यावर पुन्हा एकदा पाणी भरलेलं बरं.

प्रत्येक थराचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. फ्लॅटमधल्या बाथरूमच्या गळतीचा खर्च सोसायटी नाही, सभासदच करतो, त्यामुळे पुढे वाद झाला तर ते कामी येतात. जमिनीवरचं कमोड बसवायच्या दिवशी मात्र स्वतः हजर राहा. प्लंबर स्क्रूसाठी ड्रिल किती खोल मारतोय ते बघा, नाहीतर खालच्या लेपालाच भोक पडतं. शक्य असेल तिथे भिंतीवरचंच कमोड सुचवा.