अधातूंची अभिक्रियाशीलता: थिअरी आणि प्रॅक्टिकलमधल्या या चुका टाळा

सोडियमपेक्षा त्याच्या खालचा पोटॅशियम जास्त भडकतो, म्हणजे गणात खाली जावं तशी अभिक्रियाशीलता वाढते, हे दहावीत पक्कं बसलेलं असतं. मग गण 17 लाही (फ्लुओरीन ते आयोडीन, म्हणजे हॅलोजन) तोच नियम लावला जातो आणि पेपरात आयोडीन सर्वांत अभिक्रियाशील ठरतो. धातूंना इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, हॅलोजनना घ्यायचा. अणू मोठा होत गेला की केंद्रकाची बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची ओढ कमी पडते, म्हणून क्रम फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन असा उतरतो.

दुसरी चूक हुशार मुलांची. इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी (अणूने इलेक्ट्रॉन घेताना होणारा ऊर्जाबदल) क्लोरीनची जास्त ऋण (−349, फ्लुओरीनची −328 किलोज्यूल प्रतिमोल), म्हणून क्लोरीन वरचढ! पण आधी रेणू तुटावा लागतो. फ्लुओरीनचा बंध सुमारे 159 किलोज्यूलमध्ये सुटतो, क्लोरीनला 243 लागतात. शिवाय इवलासा फ्लुओराइड आयन पाण्यात जाताना भरपूर ऊर्जा सोडतो. नायट्रोजन सहजी अभिक्रिया का करत नाही, हे कोडंही इथेच सुटतं: इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) क्लोरीनइतकीच, 3.0, तिहेरी बंध मात्र जवळपास 945 किलोज्यूलचा, म्हणून अभिक्रियेला थंड. त्याच्याच खालचा पांढरा फॉस्फरस 60 अंशांच्या ताणलेल्या बंधांमुळे हवेत पेटतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात.

खरी फजिती होते प्रॅक्टिकलच्या लेअर टेस्टमध्ये. दिलेल्या सॉल्टमध्ये ब्रोमाइड आहे की आयोडाइड, हे ती सांगते: जास्त अभिक्रियाशील क्लोरीन त्यातून ब्रोमीन किंवा आयोडीन बाहेर काढतो आणि त्याचा रंग क्लोरोफॉर्मच्या थरात दिसतो. सोडियम कार्बोनेट एक्सट्रॅक्ट (सॉल्ट सोडियम कार्बोनेटबरोबर पाण्यात उकळून गाळलेलं द्रावण) 1 मिली घ्या, बुडबुडे थांबेपर्यंत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, मग 1 मिली क्लोरोफॉर्म. क्लोरीन वॉटर थेंबाथेंबाने टाकायचं आणि दर वेळी ट्यूब हलवायची. खालचा थर जांभळा झाला तर आयोडाइड, नारिंगी-तपकिरी झाला तर ब्रोमाइड.

रंगच आला नाही? आम्ल कमी पडलं असेल, तर अल्कलीच क्लोरीन खाऊन टाकते. किंवा क्लोरीन वॉटर जुनं असेल. उजेडात ते विघटित होतं, म्हणून ताजं आणि गडद बाटलीतलं घ्या. जांभळा येऊन गेला, तर क्लोरीन वॉटर जास्त झालं: आयोडीनचं आयोडेट झालं, आणि ते रंगहीन असतं.

साक्यावरून हॅलाइड ओळखायच्या सिल्व्हर नायट्रेटच्या टेस्टला मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, त्यातलं क्लोराइडच पांढरा साका देतं. तिथे विरल नायट्रिक आम्लच. ट्यूब नळाखाली विसळून तशीच वापरली तरी तोच घोटाळा: मुंबईत भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं पालिकेचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं आणि त्यात क्लोराइड असतंच. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने करा. शंका असेल तर आधी नुसत्या त्या पाण्यात आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघा. गढूळ झालं तर दोष सॉल्टचा नाही.